चुडा भरताना

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, सांध्याच्या अगदी माथ्यावर, त्वचा इतकी ताणली होती की तिथल्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. मार्गशीर्षाचं कोवळं, केशरकांती ऊन अंगणात उतरलं आणि नेमकं त्या तकतकीवर थांबलं.

उद्या शाल्मलीचं लग्न. आज चुडा. पाटासमोर कासारकाकांनी काच मांडली होती. पाचूहिरवी, शेवाळहिरवी, पोपटपंखी.

देहात एक अदृश्य सैन्य वसतं. काटा रुतला की ते धावतं, आग पेटवतं, शत्रू जाळतं. आणि मग आग विझवून माघारी फिरतं. शाल्मलीच्या देहातलं सैन्य माघारी फिरणं विसरलं होतं. आपलेच सांधे परके समजून ते रोज पहाटे पेटे. आठवड्याची एक गोळी त्याला निववी. पण लग्न ठरलं, सासरची ये-जा वाढली, आणि आईने गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवून बंद केल्या. "लग्न होऊ दे. कुणी पाहिलं तर?"

आईची तीही राखणच, त्या सैन्यासारखी. तीही जाळणारी.

आणि शाल्मली गप्प राहिली. होणारा नवरा, शार्दूल, भेटे, ती हात ओढणीखाली घेई. आज सांगू, म्हणे. आणि आज मावळे.

कासारकाकांनी पंजा दाबला. बांगडी पेरांशी अडली, कळ खांद्यापर्यंत गेली, काच तडकली. फुटली असं कुणी म्हणालं नाही. "वाढली" म्हणाल्या साऱ्या.

"माहेरचं तूप अंगी लागलंय हो," आत्या म्हणाली, "तेही नेमकं बोटांना!"

हशा पिकला. शाल्मलीही हसली.

"थंडीनं सुजलाय," आई घाईने म्हणाली. "काका, मोठं माप काढा."

होणाऱ्या सासूबाई, वैजयंताबाई, पुढे सरकल्या. तो तापलेला हात त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला.

"अगं, किती कढत! एवढं दुखतंय आणि हसतेस कसली?"

तेव्हा लाज चढली. तांबूस, तप्त, गळ्यावरून गालांवर, गालांवरून कानांच्या पाळ्यांवर. कळ सोसली होती तिने, टोमणा सोसला होता. ही माया सोसवेना. फसवलेल्या तळव्यांची ती शीतल, निःशंक माया.

आईने डोळ्यांनी दटावलं. शाल्मलीने हात सोडवून घेतला नाही.

"काकू, थंडी नाही ही. मला संधिवात आहे, कॉलेजात होते तेव्हापासून. तुमच्यापासून आम्ही लपवला. शार्दूलला आत्ता बोलवा. त्याला सांगितल्याशिवाय मी चुडा भरणार नाही."