धुरेवर बसलेले अर्जुनराव

मी धामणगाव बढ्याचा ट्रॅक्टर बोलतोय. आवाज घोगरा आहे माझा. घासलेटवर वाढलो, त्याला कोण काय करणार?

बोटीतून मुंबईला उतरलो, रेल्वेनं मलकापूरला आलो. एका बड्या जमीनदारानं हौसेनं घेतलं आणि बिघडल्यावर कापसाच्या जिनिंग कारखान्यामागं टाकून दिलं. कोंबड्या माझ्या बैठकीवर अंडी घालायच्या. उत्तमरावांनी मला तिथून घरी आणलं, तेही बैल जुंपून! वाटभर लाज वाटली हो.

उत्तमराव म्हणजे वेडा माणूस. सगळं इंजिन त्यांनी खोलून पुसलं, लोहाराकडून चाकांना नवे दाते बसवून घेतले, दाते मातीत रुतावेत म्हणून मागं जड लोखंड बांधलं. माझी पहिली धडधड ऐकून ते रडले. त्यांच्यासारखा हात मला पुन्हा लागला नाही.

त्यांचे थोरले भाऊ अर्जुनराव मात्र माझ्यावर खार खाऊन. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, मोडीच्या लोखंडाला गिऱ्हाईक होतं.

"मलकापूरच्या प्रदर्शनात वजन ओढाची शर्यत हाये," ते म्हणाले. "पह्यला आला तं ठेव. नाही तं मोडीत काढतो. मंग रडू नको."

"हाव दादा," उत्तमराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांना भाकर गेली नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी उत्तमरावांच्या वहिनी, अन्नपूर्णाबाई, हळद-तूप घेऊन आल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळतात, तसा त्यांनी माझा ओझं जोडायचा मागचा आकडा चोळला.

अर्जुनराव हसले. "अवो, लोखंडाले खांदा असते काय?"

"वजन वढते ना? मंग असनच खांदा."

काय सांगू, त्या बोटांनी माझा थकवा पार पळाला.

मलकापुरात दगडांनी भरलेला बिनचाकी गाडा ओढायचा होता. जो जास्त लांब नेईल तो पहिला. दोनदा संधी. बाकीचे दोन ट्रॅक्टर कोरे, चकाचक, माझ्याकडं बघून नाक मुरडणारे. मी जोर लावला अन् माझं तोंडच वर उठलं! पुढची चाकं हवेत, उत्तमराव मागं कलंडले.

"उतर बे! मरतं काय?" अर्जुनराव धोतर सावरत धावत आले. भावाला चाचपून पाहिलं. मग माझ्याकडं बघत राहिले. "उलाळ झाला हा."

मागं भार जास्त झाला की बैलगाडीची पुढची दांडी, धुरा, अशीच वर उठते. मग कुणीतरी धुरेवर बसतं. अर्जुनरावांनी पंचांकडं पाहिलं. पंचांनी हसत मान डोलावली. अन् हा भारदस्त माणूस चक्क माझ्या तोंडावर चढून बसला!

"हाक आता!"

मी तापलेलो, त्यांचं धोतर करपत होतं. पण गडी हलला नाही. चाकं जमिनीला धरून राहिली, गाडा सरकला, लोक ओरडायला लागले. आयुष्यात एवढं कधी ओढलं नव्हतं मी.

तरी हातभर कमी पडलो. दुसरा आलो.

उत्तमराव खाली मान घालून उभे. मोडीचं लोखंड घेणारा एक व्यापारी तिथंच घुटमळत होता. त्यानं विचारलं, "मंग, कधी घेऊन जाऊ?"

अर्जुनराव खाली उतरले, मागून धोतर झटकलं. "काय घेऊन जातं बे? आमच्या घरचा गडी हाये थो. आमी गडी इकत नाही."

आता माझा दम कमी झालाय. गोठ्यात बैलांशेजारी उभा असतो. मला बघायला याल तर कोंबड्यांना तेवढं हुसकवा.

आज पोळ्याची आदली संध्याकाळ. अर्जुनरावांनी बैलांचे खांदे चोळले, मग उरलेलं हळद-तूप घेऊन माझ्याकडं आले. आकडा चोळला. इकडंतिकडं कुणी बघत नाही ना, हे पाहिलं आणि बैलांना म्हणतात तेच हळूच मला म्हणाले,

"आज आवतन घे बाप्पा, उद्या जेवाले ये."