पॅनलवरचं कुंकू

“काकू, उन्हात ठेवजा, सावली पडू देऊ नका. बस, एवढंच.”

फरहाचं हे सांगणं चार दिवस माझ्या कानात होतं. ती दवाखान्याच्या व्हॅनवरची नर्स. झरी जामणीकडच्या गावांत फिरते, व्हॅनमध्येच झोपते, तिथंच दोन पोळ्या भाजून खाते. मुकुटबनला आमच्या दारासमोर गाडी बंद पडली, तेव्हा सुट्या भागासाठी ती नागपूरला गेली. जाताना तिनं आतला छोटा फ्रिज दाखवला. त्यात गावातल्या तानाबाईची शुगरची इंजेक्शनं होती, महिनाभराची. फ्रिज चालतो दुसऱ्या बॅटरीवर, आणि इंजिन बंद असलं की ती बॅटरी भरायची या घडी होणाऱ्या सोलर पॅनलनं. त्याच्या डबीवर दिवा हिरवा म्हणजे भरून राहिली, लाल म्हणजे नाही. आमच्याकडची लाईन तर दिवसातले बारा तास नसतेच.

मी म्हटलं, “जाय तू. औषध गरम नाही होऊ देत मी.”

अंगणात पसरलेलं ते पॅनल मला सूर्यनारायणाच्या ताटासारखं वाटलं. रथसप्तमीपासून मी अर्घ्य दिल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. दारी आलेली नवी वस्तू तशीच कशी ठेवायची? हळदीकुंकवाची बोटं ओढली, एक फूल ठेवलं.

त्या दिवशी दिवा हिरवा होता. दुसऱ्या दिवशी पिवळा. पूजा कमी पडली असेल म्हणून झेंडूची माळ आडवी घातली, तर तिसऱ्या दिवशी लाल. ऊन तर चटका देत होतं. मी कपड्यांची दोरी सोडली, कडुलिंबाची फांदी छाटली, उन्हामागं पॅनल फिरवत राहिले आणि कुंकू वाढवत गेले. व्रतात काही चुकलं का, एकादशीच्या दिवशी पॅनलला हात लावायला नको होता का, काही उमजेना. विचारू तरी कोणाला? आमचे हे कापसाची गाडी घेऊन पाच दिवसांपासून खरेदी केंद्राच्या रांगेत.

चौथ्या दुपारी शब्बीरभाईंना बोलावलं. मोटारींचं काम करतात, ह्यांचे जुने सोबती. फ्रिजचा काटा आठ अंशांच्या खुणेला टेकला होता. त्यावर जाऊ द्यायचा नाही, असं फरहानं बजावलं होतं. त्यांनी वायरी पाहिल्या, बॅटरी पाहिली.

“भाभी, सावली पडली का कशाची?”

“नाही पडू दिली. फांदीसुद्धा तोडली.”

“मंग हे काय हाये?”

त्यांनी दोन बोटांनी माळ उचलली. लाल दिवा पिवळा झाला. एक पट्टी झाकली तर बाकीच्याही धड काम करत नाहीत, असं त्यांनी समजावलं. देवाले हार घातला अन् त्याचेच डोळे झाकले तुम्ही, म्हणून हसलेही. मग कुंकवाचा जाड थर त्यांनी पाहिला. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

“हे तुमीच पाहा, भाभी.”

पुसा, हे त्यांच्याही तोंडून निघेना. त्या साली आम्ही बायका तो शब्द घरात काढत नव्हतो. कर्जापायी आमच्याच गल्लीत दोघांनी जीव दिला, दोन दारांत तो खरा झाला होता. आणि ह्यांचा पाच दिवसांत निरोप नव्हता.

व्हॅनमध्ये फ्रिज बारीक घरघरला आणि थांबला.

अर्घ्याच्या तांब्यात सकाळचं थोडं पाणी उरलं होतं. त्यात पदराचं टोक भिजवलं. पाप कोणतं, पुण्य कोणतं, मला तेव्हाही कळलं नव्हतं. शब्बीरभाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी पायरी उतरले आणि उन्हातल्या पॅनलकडे चालू लागले.