शिल्लक ठेवलेली गाठ

"गाठ निम्मी झाली आणि औषध बंद? थट्टा करताय का, डॉक्टर?" लिफ्ट-मेकॅनिक खुर्चीतून उठलाच.

डॉक्टरांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. त्या गणितज्ञ होत्या. बायकोच्या कॅन्सरचं औषध गणिताची बाई ठरवणार, हे कळल्यावर तो आणखीच तापला.

"गाठीत दोन तऱ्हेच्या पेशी असतात," बाई म्हणाल्या. "औषधाने मरणाऱ्या आणि न मरणाऱ्या. मरणाऱ्या सगळ्या मारल्या, की चिवट पेशींना रान मोकळं. थोड्या ठेवल्या, तर त्याच चिवटांना दाबून धरतात."

"म्हणजे घरात साप पाळायचा? कुठे सिद्ध झालंय हे?"

"समीकरणांत. उंदरांवर. माणसांत आत्ता कुठे सुरुवात आहे."

"ऐकलंस? उंदरांवर!"

आता बायको पुढे सरकली. शिवणकाम करणारी बाई; कापण्याआधी दोनदा मापणारी.

"मी बरी होईन?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण जास्त दिवस मिळतील, असं गणित सांगतं."

"आणि तुम्ही काय सांगता?"

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "मी... मी पेशंटशी कधी बोललेच नव्हते हो."

"मग आता बोला. मी तयार आहे."

तो परत खुर्चीत बसला.

औषध थांबलं. उलट्या गेल्या, केस आले, शिलाई मशीन पुन्हा खडखडू लागलं. गाठ वाढली की औषध सुरू, आटली की बंद. "अजून थोडी वाढू द्या" हे डॉक्टरांचं वाक्य ऐकताना दर वेळी तो खुर्चीतून अर्धा उठायचा. मधल्या काळात मुलीला मुलगा झाला. आजीने शिवलेली झबली त्याला तोकडी झाली, आजीने मोठी शिवली.

मग एका तपासणीत दिसलं, औषध लागूच पडेना.

गणितज्ञ बाई घरी आल्या. जाब विचारायचं नवऱ्याने ठरवलं होतं. पण खाटेजवळ बसून त्याच म्हणाल्या, "माझं कुठे चुकलं, शोधतेय. चिवट पेशी मी कमी धरल्या होत्या."

"पुढच्या पेशंटच्या वेळी जास्त धरा," बायको म्हणाली. "नातवाला धावताना पाहिलं मी. ते काय चुकलं?"

बाई उठल्या, पण दार कुठल्या बाजूला हेच त्यांना उमगेना.

जिन्यातला दिवा गेला होता. लिफ्ट-मेकॅनिक मोबाइलचा उजेड धरून पुढे झाला. "सावकाश या," म्हणाला, "इथली पायरी फुटकी आहे." आणि खालच्या दारापर्यंत एकेक पायरी त्यांना दाखवत गेला.