एकवीस बटणं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सोफ्याचं एकही बटण तोडलं नाही. आमच्या घरच्या मापाने तो चांगला दिवस होता.

सकाळी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"इथलीच," मी म्हटलं.

"अरे वा! मग येण्याजाण्याची दगदग नाही," असं म्हणून ते माझ्यासाठी मनापासून खूश झाले.

दुपारी आई त्यांची औषधं आणायला बाहेर पडली आणि मी त्यांच्याजवळ बसले. ते मधल्या कुशनचं एक बटण चिमटीत धरून पिळत होते.

"काय करताय, बाबा?"

"घट्ट करतोय. उद्या कुणी आलं-गेलं तर? ही मंडळी सगळी ढिली."

बाबांनी आयुष्यभर नकाशे काढले. केसाएवढी रेघ जागची हलू न देणारी त्यांची बोटं गेली दोन वर्षं स्वस्थ बसत नव्हती. आपण बटणं घट्ट करतो आहोत अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि घट्ट करता करता त्यांनी नऊ बटणं तोडली होती. पिळून पिळून मागची कडी तुटायची आणि बटण हातात यायचं. ते हातात आलं की काय करायचं हे त्यांना सुचत नसे. एकदा माझ्याशी बोलताना त्यांचे शब्द चमत्कारिक येऊ लागले, म्हणून मी तोंड उघडायला लावलं, तर गालात बटण. सुपारीसारखं धरलेलं.

त्या दिवसापासून आईने नियम केला. सोफ्याच्या पाठीला तीन कुशनं, प्रत्येकावर सात बटणं, म्हणजे एकवीस. तुटलेली एका पत्र्याच्या डबीत ठेवायची. रोज संध्याकाळी सोफ्यावरची आणि डबीतली मिळून एकवीस भरली की मगच आम्ही जेवायला बसायचो. मोजायचं काम माझं. बाबांच्या आजारपणात मी माझं भाड्याचं बिऱ्हाड मोडून इथे राहायला आले होते, तेव्हापासून अशी बरीच कामं माझी झाली होती.

त्या संध्याकाळी मी भांडी विसळून हात पुसत दारात उभी राहिले. आई बाबांच्या अंगावरची चादर सारखी करत होती.

"किती गं?" तिने विचारलं.

"एकवीस," मी म्हटलं. मी सोफ्याकडे बघितलंही नव्हतं.

आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. पानं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर आले. झोपेतच हृदय थांबलं, त्रास काही झाला नाही, असं म्हणाले आणि कागदावर सही करून गेले.

तिसऱ्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आत्या सोफ्यावर बसली, पाठीमागे हात फिरवला आणि डोळे पुसता पुसताच म्हणाली, "अगं, या बटणांचं काय झालं? खाल्ली की काय कुणी?"

आई हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मी उठून आत गेले आणि कपाटातून डबी काढली. आत आठ होती. बाहेर येऊन, पाहुण्यांच्या खांद्यांमागून, सोफ्यावरची मोजली. बारा. पुन्हा मोजली. बारा आणि आठ, वीस.

त्यानंतर महिनाभर मी जे काही केलं ते त्या विसाच्या आकड्याखाली दबून केलं. चहा केला, फोन घेतले, बँकेत गेले, बाबांचे सदरे घड्या घालून पिशव्यांत भरले. घशात काही अडकलेला माणूस इतक्या शांत चेहऱ्याने पडून राहत नाही, हे मला कळत होतं. डॉक्टर काही आंधळे नव्हते, हेही कळत होतं. पण कळतं पण वळत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मी कपाटांमागे हात घातले, कुशनांच्या खोळी उसवून पाहिल्या, बाबांच्या चपलांतसुद्धा पाहिलं. दर वेळी वीसच भरत होती, एकविसावं सापडत नव्हतं. आईला विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की त्या संध्याकाळी मी मोजलीच नव्हती.

एके दिवशी आईच म्हणाली, "त्या बटणवाल्याकडे जाऊन ये बाई. सोफ्याचं काम उरकून टाकू. लोक बसतात नि भोकांत बोटं घालतात."

मी डबीतलं एक बटण नमुना म्हणून पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

बटणवाल्याचं दुकान म्हणजे एक माणूस आणि एक यंत्र मावेल एवढी खोली. भिंतभर रिळं. यंत्राचा दांडा खाली दाबला की कापडाची चकती पत्र्याच्या वाटीवर ताणून बसते आणि बटण मढवून निघतं. काकांचा चष्मा कपाळावर होता.

"काका, अशी नऊ हवीत."

त्यांनी बटण घेतलं, उलटं केलं, चष्मा नाकावर उतरवला. "ही तर मी करून ठेवलीत."

"दुसऱ्या कुणाची असतील."

"ताई, सोफे घरोघरी असतात, हा रंग नसतो. शेवाळी म्हणावा तर शेवाळी नाही, राखी म्हणावा तर राखीही नाही. म्हणून तर त्या बाईंनी, तुमच्या आईच असतील, कुशनच्या मागचं, आत दुमडलेलं कापड कापून आणलं. म्हणाल्या, तुमच्या मनाचा रंग लावू नका." खणात हात घालून त्यांनी एक पाकीट काढलं. "महिना झाला. मला वाटलं बाईंनी सोफाच विकला."

पाकिटावर तारीख होती. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

"नक्की याच दिवशी आल्या होत्या?"

"आलं की तारीख टाकतो मी. भरदुपारी आल्या होत्या. मी डबा उघडून बसलेला. म्हटलं, दोन घास खाऊ द्या. तर म्हणाल्या, घरी आजारी माणूस आहे, तुम्ही खा, मी बोलते." त्यांनी पाकीट उलटं केलं. नऊ नवी बटणं टेबलावर ओघळली, आणि शेवटी टाचणीने कागदाला टोचलेलं एक जुनं. कडी तुटलेलं, कडेला विटलेलं. "हा तुमचा नमुना. परत न्या."

मी तिथल्या स्टुलावर बसले.

"काय झालं? बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नाही काका. फार बरं वाटतंय."

"बटणं बघून एवढं बरं वाटलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले आणि पाणी दिलंच. मी सगळा पेला प्यायले. महिनाभरात पाण्याला चव आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाहेर ऊन होतं. रस्त्यात दोन माणसं एक कपाट टेम्पोत चढवत होती आणि तिसरा नुसताच "जरा डावीकडे" म्हणत होता. मी उगीचच थांबून ते कपाट चढेपर्यंत बघत राहिले. मला कुठेही जायची घाई नव्हती. बाबा झोपेत गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसेच, साधे, झोपेत.

अर्ध्या वाटेवर दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि माझी पावलं मंदावली. त्या संध्याकाळी एक बटण दुकानात होतं. खरोखर मोजली असती तर वीस भरली असती, आणि हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. मी तिच्या तोंडावर एकवीस सांगितलं होतं.

घरी आईने तिन्ही कुशनं जमिनीवर मांडली होती. जाड दोरा मेणावरून ओढून तयार होता.

"बटणं तू आधीच करायला दिली होतीस," मी म्हटलं.

"बोलले नव्हते का मी? राहिलंच मग सगळ्या गडबडीत. सुई बघ कशी मिळालीय. सुई आहे की भाला?"

सुई खरंच वीतभराहून लांब होती. पुढून खुपसायची, ती फोममधून पाठीला निघते. तिथे कापडाची जाड घडी ठेवायची, नाहीतर दोरा कापड कापून आत शिरतो. आईने पुढून बटण तळव्याने खाली दाबायचं, मी मागून दोरा ओढून सरकती गाठ मारायची. पहिलं मी इतकं ओढलं की बटण दिसेनासं झालं आणि भोवती सगळीकडून चुण्या आल्या.

"अगं, गळा आवळतेस का त्याचा? बाकीच्यांकडे बघ, वीस वर्षांत किती ढिली झालीत. त्यांच्याएवढंच सोड."

"नवीन आहे ते."

"म्हणूनच. नव्याने जुळवून घ्यायचं असतं म्हणे. मला विचार." ती हसली आणि मी गाठ सैल केली.

दुसरं बरं बसलं, तिसरं त्याहून बरं. पाचव्यापर्यंत आम्हाला बोलावंच लागत नव्हतं. ती दाबायची, मी ओढायची, ती "पुरे" म्हणायची.

सहाव्याला मी म्हटलं, "आई, त्या संध्याकाळी मी मोजली नव्हती."

तिने तळवा उचलला नाही. "माहितीय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? एक दिवस नाही मोजली तर आभाळ कोसळणार होतं का? आणि खरं सांगू, मीही उठून मोजली नाही."

"नंतर मोजली मी. वीसच भरली. महिनाभर मला वाटत होतं की बाबांच्या घशात..."

आता तिने तळवा उचलला. बटण दोऱ्यावर लोंबकळलं.

"वेडी का खुळी! पहाटे मीच त्यांचं तोंड पुसलं. पाणीसुद्धा घातलं चमच्याने, गेलेत हे कळलंच नाही मला आधी. काही नव्हतं तोंडात. विचारायचंस ना गं." तिने दोन्ही हातांनी माझं डोकं धरून हलवलं, लहानपणी केस कोरडे करायची तसं. "महिनाभर! मला वाटलं, वडिलांच्या दुःखाने जेवत नाहीये पोरगी."

मग तिने पुन्हा बटण दाबून धरलं. "ओढ. आणि असलं काही मनात ठेवू नकोस. दमली होतीस तू. कुणीही दमलं असतं."

दमली होतीस. आत्या तेच म्हणाली होती, शेजारचेही तेच म्हणाले होते. चांगला शब्द होता, अंगावर घेऊन गप्प बसता आलं असतं. मी गाठ मारली. तिचा हात माझ्याकडून दिसत नव्हता, पण फोमच्या पलीकडून त्याचा दाब कळत होता.

"दमले नव्हते, आई," मी म्हटलं. "कंटाळले होते. बाबांना कंटाळले होते. ते गेले त्या सकाळी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं."