डब्यावरचा पिवळा दिवा

त्या हंगामात बालाजीला कुणी सुखी आहेस का म्हणून विचारलं असतं, तर त्यानं आधी विचारणाऱ्याला चहा पाजला असता आणि मग सगळं रंगवून सांगत बसला असता. सांगण्यासारखं होतंही तसंच. वसमतजवळच्या साखर कारखान्यात तो मोजमापाच्या यंत्रांचा इंजिनिअर होता, लग्नाला चार वर्षं झाल्यावर पूनमला दिवस गेले होते, आणि त्याच साली कारखान्यानं बॉयलर, उसाच्या गिरण्या, रस आटवायचे पॅन सगळं एका तारेच्या जाळ्यात बांधून काचेच्या एका गार खोलीत आणून ठेवलं होतं. आधी बॉयलरचं पाणी कमीजास्त करायचं तर लोखंडी जिना चढून चाक फिरवावं लागे. आता खुर्चीत बसून दोन बटणं दाबली की काम होई, आणि त्या खुर्चीत बसण्याचा मान बालाजीचा होता. दोन हजार सहा सालात आपल्याइतका भाग्यवान माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

सगळ्या तारा ज्यात येऊन मिळत, तो एक करडा डबा भिंतीवर बसवलेला होता. त्यावर हिरव्या दिव्यांची रांग होती आणि कोपऱ्यात एकटा पिवळा दिवा. टेलिफोनच्या तारेतून बाहेरचं कुणी आत शिरलं की तो लागायचा. काही बिघडलं तर बसल्या जागेवरून बघता यावं म्हणून डबा पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं ती तार जोडून ठेवली होती. दसऱ्याला सगळ्या यंत्रांबरोबर डब्याचीही पूजा झाली, त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल चिकटलं. बॉयलरवरचा रतनसिंग मोठा खट्याळ गडी होता. त्यानं डब्यापुढे पेढा ठेवला आणि थोड्या वेळानं, सायबाला गोड चालत न्हाई वाटते, म्हणत स्वतःच खाऊन टाकला.

बालाजीच्या सुखात पहिला खडा पडला तो पुण्याच्या प्रशिक्षणात. तिथल्या शिक्षकानं वर्गात बसल्या बसल्या कुठल्याशा गावच्या पाणीपुरवठ्याचा असाच डबा फोनवरून उघडून दाखवला. टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद, सगळं पडद्यावर आलं. पासवर्ड त्यानं कुठून चोरला नव्हता, डब्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकात तो छापलेलाच होता आणि लोक तो बदलत नाहीत, एवढंच. बालाजीचं पुढच्या वर्गात लक्ष लागेना, कारण त्याच्याही डब्याला तोच छापील शब्द होता. ते पुस्तक ज्याच्या हाती पडेल त्याला बॉयलरचं पाणी तोडता येणार होतं, आणि कोरडा पडलेला बॉयलर फुटला तर भोवतालच्या माणसांचं काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. परत आल्यावर त्यानं चीफ इंजिनिअर उकंडरावांच्या कानावर हे घातलं. ते पोट धरून हसले. आपले सभासदसुद्धा बॉयलर बघायला येत नाहीत, बाहेरचा कशाला तकलीफ घेईल, असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

गाळप सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत पिवळा दिवा लागू लागला.

कंपनीचीच माणसं असतील असं आधी त्याला वाटलं. फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, आम्ही तुमच्याकडे बसवून गेल्यापासून एकदाही आत आलेलो नाही. मग हे कोण, आणि करतंय तरी काय, म्हणून बालाजी नीट बघू लागला. दिवा लागे, बॉयलरचं पाणी किंचित वाढे किंवा घटे, पडद्यावर वाफेची रेषा सरळ चालू लागे आणि दिवा विझे. जे होई ते बराबरच होई. साखरेचा उतारा वाढला, अध्यक्षांनी पेढे वाटले, उकंडरावांनी बालाजीच्या पाठीवर थाप मारली. फक्त एक गोष्ट हळूहळू त्याच्या लक्षात येत गेली आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. पाणी थोडं वाढवावं असं त्याच्या मनात यायचं, हात बटणाकडे जायचा, आणि हात पोचायच्या आत ते झालेलं असायचं.

त्यानं टेलिफोनची तार उपसून टाकली. दिवा तरीही लागतच राहिला.

मग त्यानं पासवर्ड बदलायचं ठरवलं. कुणाच्याही डोक्यात येणार नाही असा शब्द त्याच्याजवळ एकच होता. मुलगी झाली तर तिचं नाव ओवी ठेवायचं, हे त्यानं आणि पूनमनं ती माहेरी जाण्याआधी ठरवलं होतं आणि बारशापर्यंत कुणालाही सांगायचं नाही अशी एकमेकांना शपथ घातली होती. इंग्रजी अक्षरांत ते नाव टाकताना त्याला लाजल्यासारखं झालं आणि आनंदही झाला. लेकीच्या नावाचं कुलूप, आता कोण येतं बघू, असं तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी गार खोलीत एकटाच जेवत असताना कोपऱ्यातला दिवा लागला.

शेवटी त्यानं रतनसिंगला सांगितलं. रतनसिंगनं दिव्याकडे पाहिलं, वाफेच्या रेषेकडे पाहिलं आणि कान खाजवला.

"चांगलंच करून राहिलं नं ते? मंग करू द्या. तुमी काहून जीव जाळून घेता?"

बालाजीनं जीव जाळून घेणं सोडलं खरं, पण खोलीत बसल्यावर मनात भलतंसलतं येऊ द्यायचं नाही अशी सवय त्यानं लावून घेतली. एकदा उकंडरावांवर रागावून तो तणतणत आत आला, तर पाण्याचा काटा थरथरू लागला होता. तो तसाच बाहेर गेला, ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी जाऊन उसाचं कांडं चघळत राहिला आणि राग निवल्यावरच परत आला. तेव्हापासून तो खुर्चीत बसून पूनमचा विचार करी, होणाऱ्या लेकराचा करी, आणि कारखाना असा चाले की जुन्या माणसांनीही तोंडात बोट घालावं.

फेब्रुवारीत पूनमला सेनगावकडच्या माहेरी मुलगी झाली. बातमी आली तेव्हा बालाजीनं कारखान्यात जो दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्या दिवशी पिवळा दिवा एकदासुद्धा विझला नाही. पाचवीला सासूबाईंनी दाराची कडी काढून ठेवली, सटवाई येऊन लेकराच्या कपाळी लिहून जाते ना, तिला दार उघडं लागतं, असं पूनम फोनवर हसत हसत सांगत होती. बालाजीही हसला. कडी लावूनही येणारं येतंच, हे त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

बारशासाठी रजा काढायची तर पासवर्ड कुणाला तरी देणं भाग होतं. त्यानं तो मोठ्या नाखुशीनं रतनसिंगच्या कानात सांगितला, आणि निघण्याआधी बघतो तो काय, साऱ्या पाळीला विसर पडू नये म्हणून कुणीतरी डब्याशेजारी दसऱ्याच्या हळदकुंकवाखाली खडूनं ठळक अक्षरांत ओवी लिहून ठेवलेलं. लोक येता-जाता ते वाचत होते. बालाजीला रडावं की हसावं कळेना. लेकीनं ऐकायच्या आधीच तिचं नाव उष्टं झालं, हे मात्र त्याला फार लागलं. जे नाव तिच्या कानात पहिल्यांदा पडेल ते फक्त तिचंच असावं, एवढंच त्याला हवं होतं.

बारशाच्या सकाळी थोरली बहीण मंजुळाबाईला घेऊन तो वारंगा फाट्यावर जीपची वाट बघत उभा होता. टपरीवर एक बाई फुलं विकत होती, तिच्या पाटीत शेवंती होती, पिवळीधमक, दवानं भिजलेली. पूनम शेवंतीच्या वेणीसाठी कशी हटून बसते ते त्याला आठवलं आणि लेकीचं नवं नाव तिथल्या तिथं ठरलं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, मंजुळाबाईलाही नाही. पाळण्यासाठी फुलं तेवढी घेतली. पूनमला पाळण्यापाशीच सांगू, ती आधी रुसेल आणि मग वेणी माळून हसेल, अशी त्याची खात्री होती. जीप येईपर्यंत तो मनातल्या मनात ते नाव घोळवत राहिला. इतकं हलकं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

सासुरवाडीचं अंगण बायकांनी भरलं होतं. घुगऱ्यांचा वास सुटला होता, पाळण्याला शेवंतीच्या माळा लागल्या होत्या, आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालायला पोरी आतापासूनच बाह्या सरसावत होत्या. पूनमचा चेहरा उजळला होता. मंजुळाबाई पाळण्याशी बसली आणि भावाकडे कान करून म्हणाली, "सांग बाबा आता. माझी पाठ वाट बघून राहिली."

तेवढ्यात बालाजीच्या खिशातला मोबाइल वाजला. रेंज जाईल म्हणून तो अंगणाच्या कडेला कडब्याच्या गंजीपाशी गेला. फोनवर रतनसिंग होता.

"साहेब, तुमचं ते ओवी घेऊन न्हाई राहिलं. सकाळपासून. तुमी जाताना बदललं का काय?"

"सकाळी कधीपासून?"

"ऊन वर आलं तवापासून. चाललंय सगळं बराबर, काळजी न्हाई. पर आमाला आत जाता येईना."

ऊन वर आलं तेव्हा तो फाट्यावर उभा होता. मागे बायका त्याला हाका मारत होत्या. विचारू नये असं त्याला फार वाटलं, पण विचारल्यावाचून राहवेना. लेकीच्या कानात पहिल्यांदा पडायचं ते नाव त्यानं फोनमध्ये अगदी हळू उच्चारलं, आणि हे टाकून बघ म्हणाला.

पलीकडे बटणं वाजली.

"घेतलं की," रतनसिंग म्हणाला. "चांगलं हाय नाव. कवा बदललं म्हणायचं?"

"दिवा?"

"लागलेला हाय."

तो परत आला तेव्हा सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. पूनमनं त्याच्याकडे पाहून मान हलवली, सांग ना आता, अशी. पाळण्यात मुलगी गाढ झोपली होती, आणि अजून कुणी तिच्या कानाशी वाकलेलंही नसताना ती झोपेतच गोड हसली, जरा थांबली, पुन्हा हसली.

"सटवाई हसवून राहिली," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

अंगणभर हसू पिकलं. बालाजीही हसला, दोन्ही हातांनी पाळण्याची दोरी घट्ट धरून, मनात काही म्हणजे काहीच येऊ न देता.