उमेदवार येणार म्हणून शांतता

केल्टन फॉल्सची गावसभा मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत भरते. अख्खं गाव त्या दिवशी भांडायला येतं, आणि सकाळी चार शब्दांची देवाणघेवाण झाली नाही तर दुपारच्या गावजेवणातल्या बीन्सना चव येत नाही. यंदा मात्र मर्ना प्रॅटला भांडण नको होतं. आठवडाभर तिने घरोघर जाऊन लोकांच्या हनुवटीला हात लावला होता. मंगळवारी पाहुणे येताहेत, तेवढा एक दिवस तोंड आवरा.

पाहुणे तिच्या पक्षाचे होते. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहू पाहणाऱ्या उमेदवारांचा पहिला जाहीर वादविवाद पक्षाने कुठे घ्यावा, हे ठरवायचं होतं. त्याच राज्यातल्या मँचेस्टर शहराचं मोठं सभागृह जवळजवळ नक्की झालं होतं. पक्षाचं गावातलं काम मर्नाच पाहायची आणि तिने वर्षभर पिच्छा पुरवला होता. टाळ्या वाजवणारे कुठेही मिळतात, कागद गिरणी बंद पडल्यावर जे आपल्याला सोडून गेले त्यांच्या दारात या, असं तिचं म्हणणं. गावाकडे कुणीतरी पुन्हा वळून पाहावं, एवढंच तिला हवं होतं.

सोडून गेलेल्यांत तिचा सख्खा भाऊ ऑरिन पहिला होता. गिरणी गेली, त्याने पक्ष सोडला, दुसऱ्या पक्षाचा फलक आणून तिच्या दारासमोरच्या आपल्या अंगणात रोवला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. वर्षातून एकदा गावसभेत तेवढं व्हायचं, कारण मर्ना सभापती होती आणि सभेचा नियम असा की एकमेकांशी थेट बोलायचं नाही, जे काय असेल ते सभापतीला सांगायचं.

सभा सुरू झाली आणि लोकांनी खरंच मर्नाचा मान ठेवला. अंदाजपत्रक चकार शब्दाशिवाय मंजूर झालं. अग्निशमनाची नवी गाडी, जिच्यावरून गेल्या साली दोन व्याही एकमेकांना पाण्यात पाहू लागले होते, तीही मंजूर. मागच्या रांगेतल्या पाहुण्या टेटबाई समाधानाने मान डोलवत होत्या. मर्नाला मात्र मांडव सजला आणि वऱ्हाडच आलं नाही असं वाटू लागलं.

तेवढ्यात ऑरिन उठला.

"सभापतीबाई, आज सगळ्यांची दातखीळ बसलीय का? का बसलीय ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही आहे. पाहुण्यांना तुमच्यामार्फत एकच विचारतो. तुमचा तो वादविवाद इथे झाला तर मला असं उभं राहता येईल?"

विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. हातोडा आपटून त्याला बसवणं मर्नाच्या हातात होतं, आणि क्षणभर तिला तसं करावंसं वाटलंही. पण तिने पाहुण्यांना बोलू द्यायचं का हे सभेला विचारलं, कारण बाहेरच्यांना सभेच्या परवानगीवाचून बोलता येत नाही. सगळे हात वर गेले.

टेटबाईंनी गोड आवाजात सांगितलं की प्रश्न टीव्ही वाहिनीचे निवेदक विचारतील. प्रवेश पासावर असेल, पास पक्षाकडून मिळतील. गावकऱ्यांसाठी बाहेर मैदानात मोठा पडदा लावू. ऑरिन "आभारी आहे, सभापतीबाई" म्हणाला आणि बसला. कुणी हसलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत टेटबाई हातात ॲपल पायची बशी घेऊन मर्नाजवळ आल्या. जागा त्यांना फार आवडली होती. लोक किती शिस्तीचे! त्या वरिष्ठांना केल्टन फॉल्सचंच नाव कळवणार होत्या. "फक्त ते गृहस्थ त्या दिवशी आत नसतील एवढं बघा. तुमच्या ओळखीचेच दिसतात."

वर्षभर ज्यासाठी उंबरठे झिजवले ते समोर बशीत वाढलेलं होतं. आणि मर्नाला स्वतःचीच लाज वाटली. टेटबाईंना आवडलेली ती शिस्त तिनेच दारोदार फिरून आणली होती. गावाचा आवाज ऐकवायला पाहुणे बोलावले, आणि त्याच गावाच्या तोंडावर आपणच हात ठेवला.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "तुम्ही मँचेस्टरलाच घ्या. तिथे गाड्या लावायलाही जागा आहे."

टेटबाईंनी बशी अर्ध्यातच खाली ठेवली. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा ऑरिन कॉफीचा कप घेऊन मर्नाशेजारी येऊन उभा राहिला.

"घालवलंस ना त्यांना?" तो म्हणाला. "वेडी आहेस तू. लॉज भरला असता, हेझलची खानावळ महिनाभर चालली असती. मी काय, घरी बसून टीव्हीवर पाहिलं असतं."

"पाहिलं असतंस. पण टीव्हीला उत्तर कसं दिलं असतंस?"

ऑरिनने शेजारच्या बाकावरचं आपलं जाकीट उचललं आणि तिला बसायला जागा केली.