रडला तरी सोडायचं नाही

"रडू दे. रडला म्हणून सोडायचं नाही," मुलगा म्हणाला आणि त्यानं टॉवेल आणखी वर खेचला.

टॉवेल कुत्र्याच्या पोटाखालून घातला होता. त्याची दोन्ही टोकं मुठीत धरून मुलानं कुत्र्याचं मागचं अंग तोलून धरलं होतं. पुढचे पाय जमिनीवर घट्ट होते. मागचा डावा थरथरत कसाबसा टेकला होता, आणि उजवा पंजा उलटा दुमडून फरशीवर घासत होता. सुनेनं खाली बसून तो पंजा सरळ करून ठेवला. कुत्रा असा केकाटला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली.

"अरे, बास करू या का आजच्यापुरतं?" सुनेनं विचारलं.

"नाही. आज दुखतंय म्हणून सोडलं तर जन्मभर ढुंगण घासत फिरेल. डॉक्टरीण काय म्हणाली? त्याचं रडणं ऐकायचं, पण मानायचं नाही. चल रे बाबा, एक पाऊल. चल."

खिडकीजवळच्या पलंगावरून आई हे सगळं बघत होती. तिच्या हातात चहाचा कप होता, अर्धा प्यायलेला. तिनं तो समोरच्या भिंतीवर भिरकावला.

"आई! काय झालं?"

"हात थरथरला," ती म्हणाली.

हात मुळीच थरथरला नव्हता. सुनेनं काचा गोळा केल्या. मुलानं भिंत पुसली आणि आईच्या खांद्यावरची चादर नीट केली. "पड तू जरा. दमली असशील," तो मायेनं म्हणाला.

दिवसभर पलंगावर पडून माणूस कशानं दमतं, हे तिनं विचारलं नाही.

तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. तिचं उभं आयुष्य खरोखरच उभ्यानं गेलं होतं. नवरा लवकर गेला, पोर लहान होतं, आणि ती शहरातल्या बसमध्ये तिकिटं फाडत होती. खचाखच गर्दीत, कशाला न धरता, हिसक्याला हिसका देत ती पुढून मागे जायची. बस कितीही करकचून थांबली तरी तिचा तोल जात नसे. ड्रायव्हर गमतीनं म्हणत, बाईच्या पायाला मुळं आहेत. दारू पिऊन चढणाऱ्यांना तिनं कॉलर धरून उतरवलं होतं.

आणि मग निवृत्तीनंतर, घरच्याच जिन्यात, भाजीची पिशवी हातात असताना पाय मुरगळला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नवा सांधा बसला. व्यायाम करून घ्यायला फिजिओ घरी येऊ लागला. तो पाय उचलायचा आणि ती किंचाळायची. तिनं त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. "पुन्हा आलास तर कानाखाली जाळ काढीन," असंही म्हणाली. मुलगा दाराआड उभा राहून डोळे पुसायचा. एके दिवशी त्यानं फिजिओला हात जोडले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

सगळ्यांनी मुलाचं कौतुक केलं. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, म्हणाले. तो तिला न्हाऊमाखू घालायचा, केस विंचरायचा, भांडं द्यायचा, डायपर बदलायचा. कधी वैतागला नाही. तिचे पाय मात्र काड्यांसारखे झाले.

मुलगा विजेचे मीटर तपासायचा. गल्लीगल्लीतली कुत्री त्याला पिटाळून लावत. अशा माणसानं कुत्रं घरी आणावं याचं सुनेला हसू आलं होतं. कोणत्या तरी गाडीनं उडवलेला हा काळपट कुत्रा त्याला गटाराच्या कडेला दिसला होता. प्राण्यांच्या संस्थेनं त्याच्या कमरेत आणि पायात सळया घातल्या, पण ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. बरा होईपर्यंत कुणी घरी सांभाळेल का, असं त्यांनी विचारलं, आणि हा हो म्हणून बसला.

"बरा झाला की जायचाय. नाव ठेवायचं नाही," त्यानं घरात बजावलं. म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणत. आई तेवढी 'मेल्या' म्हणायची.

पाहुण्याचं अंथरूण तिच्याच खोलीत घातलं. "तुलाही सोबत होईल," मुलगा म्हणाला. म्हणजे आता आपली आणि कुत्र्याची एकच खोली, ती मनात म्हणाली. फरशीवर तो घसरू नये म्हणून रबरी चटया अंथरल्या. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घातलेला तो प्राणी पहिला आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. टाके बघायला गेलेल्या मुलाच्या मनगटाला त्यानं कडकडून चावा घेतला. मुलगा सुया टोचून घेऊन आला आणि पुन्हा त्याच्याजवळ बसला.

एकदा उठता उठता पाहुण्याची जागेवरच लघवी झाली. तो ओल्या चटईवर बसून राहिला. कुणाकडेच बघेना.

"काही नाही रे, काही नाही. होतं असं," म्हणत मुलानं पुसून घेतलं.

आईनं चमकून मान वळवली. तिची चादर बदलताना तो हेच म्हणायचा, ह्याच आवाजात. फरक पुढच्या वाक्यात होता. तिला तो म्हणायचा, पड आता. कुत्र्याला म्हणाला, "चल, ऊठ."

कप फुटला त्या दिवशी तिनं दुपारी जेवण परत पाठवलं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, ताट घेऊन पलंगाच्या कडेला बसला आणि घास पुढे करत म्हणाला, "का गं रुसलीस? कुत्र्याचा त्रास होतो का? दुसरीकडे सोय बघू का त्याची?"

तिनं त्याचा हात बाजूला सारला.

"त्याचं हाड मोडलं, माझंही मोडलं. त्याला उठवतोस. मला का निजवलंस?"

मुलाला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. "आई, तू किती ओरडायचीस ते आठवतंय का? 'मारू नका' म्हणायचीस. मला नाही बघवलं."

"तुला बघवलं नाही म्हणून मी पडून राहायचं?"

"तूच हाकललंस ना त्याला? कानाखाली जाळ काढीन म्हणालीस."

"म्हणाले! दुखत होतं, म्हणून म्हणाले. हा मेला तर तुला चावला. मग त्याला सोडलंस?"

आत येणारी सून दारातच थबकली. पाहुण्यानं कान टवकारले.

"तसं नाही गं," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "त्याचं वय आहे. पुढे अख्खं आयुष्य पडलंय त्याच्यासमोर. तुझं आता..."

"बोल. थांबलास का?"

तो ताटातला भात चिवडत राहिला.

"माझ्यासमोर काय पडलंय ते मी बघून घेईन. दोन वर्षं असतील, नाहीतर दोन महिने. पण ते तू मोजायचे नाहीस! मला फुलासारखं जपलंस, चार लोकांत शाबासकी मिळवलीस, आणि इथे माझे पाय वाळून गेले. त्यापेक्षा वैरी बरा, तो निदान भांडतो तरी."

"आई, पुरे," मुलगा ओरडला. जन्मात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला होता. "मी काय कमी केलं गं तुझं? काय कमी केलं?"

"काहीच कमी केलं नाहीस. तेच सांगतेय."

ताट तसंच ठेवून तो तडक बाहेर गेला. सुनेनं ते उचललं. जाता जाता वळून ती म्हणाली, "फिजिओचा नंबर आहे माझ्याकडे. बोलावू?"

"विचारतेस काय? लाव फोन. आणि सांग, शिव्या बसतील."

फिजिओ आला. त्यानं तिच्या मांड्या दाबून पाहिल्या, गुडघा वाकवला, आणि खरं ते सांगितलं. फार उशीर झाला होता. जिना विसरा, रस्ता विसरा. घरातल्या घरात, वॉकर धरून, जमलं तर जमलं.

"गेलेले महिने कोण भरून देणार?" तिनं विचारलं. त्यानं पिशवीतून कमरेला बांधायचा रुंद पट्टा काढला. मुलगा खिडकीतून बाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोघांचे व्यायाम सुरू झाले. आधी पाहुण्याचा टॉवेल, मग आईच्या कमरेचा पट्टा. फिजिओ आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस पट्टा मुलानं धरायचा. पहिल्यांदा तिला उभं केलं तेव्हा घाम फुटून तिचे डोळे पांढरे झाले. "सोड, मेल्या, सोड," ती ओरडली, आणि त्याचा पट्ट्यावरचा हात सवयीनं सैल पडला.

ती धपकन पलंगावर बसली आणि तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. "सोडलंस का?"

"तूच म्हणालीस सोड!"

"मी म्हणेन. मी काहीही म्हणेन. तू धरायचं."

मग तो धरायला शिकला. ते त्याला टाके बघण्याहून, चावा सोसण्याहून अवघड गेलं. आई किंचाळायची, त्याच्या बापाचा उद्धार करायची आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं, पण मूठ घट्ट असायची. त्यांच्यात प्रेमाचं बोलणं असं काही उरलं नव्हतं. पाऊल टाक. टाकतेय. अजून एक. मर तू.

पाहुणा तिच्या पुढे निघून गेला. पंजा सरळ पडू लागला, मग टॉवेल सुटला. पळताना तो अजूनही उजवा पाय उचलून धरायचा, पण पळायचा. संस्थेनं त्याच्यासाठी अंगण असलेलं घर शोधलं. तिथलं जोडपं न्यायला आलं त्या सकाळी सून आत जाऊन रडून आली. मुलानं जुना टॉवेल त्यांच्याकडे दिला आणि थंडीत पाय आखडतो, तेव्हा कसा चोळायचा ते दाखवलं.

आई वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत आली होती. पाहुण्यानं तिचे पाय हुंगले, तो जिन्याशी थबकला आणि मग एकेक पायरी तिरका तिरका उतरत गेला. मागे वळून त्यानं पाहिलं नाही.

"गेला मेला," ती म्हणाली. "उतरला."

दार लागलं. मुलगा तोंड धुऊन आला तर आई अजून उभीच होती. तिनं वॉकर वळवला आणि न्हाणीघराकडे निघाली. तो नेहमीप्रमाणे खांद्यावर पंचा टाकून मागे आला. उंबऱ्याशी ती थांबली.

"तू कुठे निघालास?"

"आत. तुला धरायला."

"बाहेर थांब."

"आई, एकटी कशी..."

तिनं आत जाऊन दार लोटलं.

"बरं, पण कडी लावू नकोस," तो दारापाशी तोंड नेऊन म्हणाला. "पडलीबिडलीस तर मला आत येता येणार नाही. आई, ऐकतेस ना?"

कडी वापरात नव्हती, गंजली होती, लवकर सरकेना. मग तिनं ती तळहातानं ठोकल्याचा आवाज आला. एकदा, थांबून पुन्हा एकदा, आणि कडी बसली.